व्हिटॅमिन सीचं सीरम चहासारखं का झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. धायरीला राहणारी तिशीतली वाचक, नोकरी हिंजवडीत, रोज स्कूटीवरून येणं-जाणं. दोन्ही गालांवर वांगाची, म्हणजे तपकिरी डागांची, सुरुवात. हजारएक रुपये मोजून २० टक्के व्हिटॅमिन सीचं सीरम आणलं आणि बाथरूमच्या कपाटात ठेवलं. सात आठवड्यांत ते कोऱ्या चहासारखं झालं, लावल्यावर चुरचुरायला लागलं आणि बोटांची टोकं पिवळट-तपकिरी दिसू लागली. आई म्हणते, एवढे पैसे घालवण्यापेक्षा लिंबू आणि हळद लाव. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, नायसिनामाइडबरोबर (हे व्हिटॅमिन बी-३ चं एक रूप) लावलंस म्हणून वाया गेलं. तर ही अँटीऑक्सिडंट म्हणून विकली जाणारी द्रव्यं त्वचेवर खरंच काही करतात का, आणि करत असतील तर कशी?

मी त्वचेची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी फॉर्म्युलेशन करते. भोसरीतल्या एका लॅबमध्ये क्रीम, लोशन, सीरम घडवण्यात बावीस वर्षं गेली. त्यामुळे वांगावर औषध सुचवणार नाही, त्यासाठी डॉक्टरकडेच जा. पण बाटलीच्या आत काय चालतं आणि त्यातलं किती कातडीपर्यंत पोचतं, हे माझं रोजचं काम आहे.

करतात का, तर हो, करतात. आणि तुमच्या सीरमचं जे झालं तेच खरं तर त्यांचं काम आहे. फक्त ते तुमच्या गालावर व्हायचं ते बाटलीत होऊन गेलं.

शाळेतलं ऑक्सिडीकरण आठवा. इलेक्ट्रॉन गमावणं म्हणजे ऑक्सिडीकरण. इलेक्ट्रॉन सहसा जोडीनं राहतात. एखाद्या रेणूत एकटा, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन उरला की तो रेणू बिथरतो आणि शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतो. हाच फ्री रॅडिकल. शेजारी लुटला गेला की तो बिथरतो आणि पुढच्याला धरतो. खो-खो पाहिला असेल तर हे चटकन कळेल. पाठलाग करणारा खो देतो आणि स्वतः खाली बसतो, ज्याला खो मिळाला तो उठून पळायला लागतो. पेशीच्या स्निग्ध आवरणात हा खेळ एकदा सुरू झाला की एका रॅडिकलपायी रेणूंची अख्खी ओळ बाद होते. तेल खवट होतं ते याच पद्धतीनं. दिवाळीतला उरलेला चिवडा डिसेंबरात नाकाशी धरलात की जो वास येतो, तो या खो-खोचा.

अँटीऑक्सिडंट म्हणजे असा गडी, जो खो घेतो आणि तरी उठत नाही. पदरमोड करून आपला इलेक्ट्रॉन देतो, स्वतः बिघडतो, पण त्याचा बिघडलेला रेणू इतका शांत असतो की पुढे कुणाला छळत नाही. खेळ तिथंच थांबतो. म्हणजे जे द्रव्य सहज बिघडतं तेच चांगलं अँटीऑक्सिडंट. आणि जे सहज बिघडतं ते हवेत, उजेडात, उकाड्यातही सहजच बिघडणार. या धंद्यातलं सगळं कौशल्य आणि सगळी डोकेदुखी या एका विरोधातून येते.

आता कातडीवर हे रॅडिकल येतात कुठून? मुख्यतः उन्हातल्या अतिनील (यूव्ही) किरणांतून. यूव्हीबी किरण वरच्या थरातच बरंचसं नुकसान करतात, डायरेक्ट डीएनएला धक्का देतात, कातडी लाल करतात. यूव्हीए म्हणजे ३२० ते ४०० नॅनोमीटरचे किरण खोल, खालच्या थरापर्यंत जातात, काचेतूनही येतात आणि त्यांचा बराचसा उपद्रव रॅडिकलच्या मार्फत होतो. हे रॅडिकल पेशीतले काही निरोप्ये जागे करतात, आणि ते निरोप्ये कातडी घट्ट ठेवणारं कोलॅजन कापणारी एन्झाइम तयार करायला सांगतात. म्हणजे किरणांनी सुरकुती पाडली असं थेट होत नाही, किरणांनी घरातल्याच कात्र्या बाहेर काढायला लावल्या असं होतं. रंग बनवणाऱ्या पेशीही याच गोंधळात चेकाळतात, आणि आपल्यासारख्या सावळ्या-गव्हाळ त्वचेत सुरकुत्यांच्या कितीतरी आधी डाग दिसायला लागतात ते त्यामुळे.

एक गोष्ट मला स्वतःला थक्क करून गेली होती, ती सांगते. २०१५ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की यूव्हीए बंद केल्यावरही, अगदी अंधारात, रंगपेशींमध्ये डीएनएचं नुकसान तीन तासांहून जास्त चालू राहतं. त्यात मेलॅनिनचाच, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचाच, हात असतो. मेलॅनिन एरवी आपलं रक्षण करतं, पण रॅडिकलच्या तावडीत सापडलं की त्यातली साठलेली ऊर्जा डीएनएवर जाऊन आदळते. म्हणजे तुम्ही दुपारी ऊन खाऊन ऑफिसात येऊन एसीत बसलात तरी आतला हिशोब संध्याकाळपर्यंत मिटत नाही. सनस्क्रीन किरण अडवतं. आत शिरलेल्या किरणांचं पुढे काय होतं, यावर त्याचा इलाज नाही. अँटीऑक्सिडंटची जागा नेमकी तिथं आहे.

पुण्याचं म्हणाल तर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, मेच्या मध्याला सूर्य अगदी डोक्यावर येतो, आणि एप्रिल-मेमधल्या दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या पुढे जातो. त्यात नवले पूल ते वाकड हा तुमचा रस्ता. धूर आलाच. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं उभारलेल्या 'सफर' प्रणालीवर हवेचे आकडे रोज बघायला मिळतात, बघत चला. धुराचा त्वचेशी संबंध काय असं वाटेल, तर जर्मनीत ४०० स्त्रियांवर झालेल्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रहदारीच्या काजळीचं प्रमाण वाढलं तसे कपाळावरचे आणि गालांवरचे डाग साधारण २० टक्क्यांनी वाढलेले दिसले. उन्हाळ्यातल्या दुपारी गाड्यांच्या धुरावर ऊन पडून जमिनीलगत ओझोन तयार होतो. कातडीच्या अगदी वरच्या थरात जे व्हिटॅमिन ई असतं, ते आपल्याच तेलग्रंथी तिथं पोचवत असतात आणि ओझोन आधी ते खातो. निसर्गानं दिलेली राखीव फौज नळस्टॉपच्या सिग्नललाच खर्ची पडते म्हणा ना.

आता तुमचं व्हिटॅमिन सी. शेळी ते स्वतःच्या शरीरात बनवते. आपण नाही बनवू शकत, कारण त्याच्या शेवटच्या पायरीचं एन्झाइम बनवणारं जनुक माणसात निकामी झालेलं आहे. पोटातून घेतलं तर आतडं एका मर्यादेपर्यंतच घेतं, वरचं लघवीतून जातं, आणि त्वचेच्या वाट्याला येतं ते मोजकंच. आवळा खाऊ नका असं नाही, खाच, पण वीस आवळ्यांनी गालावरची फौज वीसपट होत नाही. म्हणून वरून लावायची कल्पना आली.

वरून लावायचं तर कातडी आत घेईल तेव्हा ना. व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळणारं, कातडीचा वरचा थर तेलकट. त्यात हा रेणू पाण्यात सुटला की विद्युतभारित होतो, आणि भारित रेणूला तो थर दारातही उभं करत नाही. उपाय एकच, द्रावण इतकं आंबट ठेवायचं की रेणूचा भार निघून जाईल. २००१ साली ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या कातडीवर हे मोजून दाखवलं. पीएच ३.५ च्या खाली हवा (हा आकडा जितका लहान तितकं द्रावण आंबट). २० टक्क्यांपर्यंत शोषण वाढत जातं, त्याच्या पुढे उलट कमी होतं. आणि एकदा आत गेलेलं सी निम्मं व्हायला साधारण चार दिवस लागतात. या शेवटच्या आकड्याचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. तोंड धुतल्यावर ते जात नाही, आणि एखाद्या सकाळी लावायचं राहिलं तर आभाळ कोसळत नाही.

मग त्यांनीच आणखी पुढे जाऊन १५ टक्के सीमध्ये १ टक्का व्हिटॅमिन ई घातलं. उन्हासारख्या दिव्याखालचं रक्षण साधारण चौपट झालं. २००५ मध्ये त्यात अर्धा टक्का फेरुलिक आम्ल टाकलं, तर ते आठपटीच्या आसपास गेलं, आणि द्रावणही जास्त टिकलं. फेरुलिक म्हणजे कुठलं परदेशी जादूचं चूर्ण नव्हे, तांदळाच्या आणि गव्हाच्या कोंड्यात असतं ते. हे सगळं वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. प्रयोग डुकराच्या कातडीवर, चार दिवस आधीपासून लावून, लॅबमधल्या दिव्याखाली झालेला आहे. आणि पिनेल स्वतः अशा सीरमच्या कंपनीशी जोडलेले होते. त्यामुळे काम खोटं ठरत नाही, माझ्या मते ते या विषयातलं सगळ्यात पक्कं काम आहे, पण आठपट हा आकडा तुमच्या गालावर जसाच्या तसा उतरेल असं समजू नका.

ई आणि सी एकत्र का, याचं उत्तर पुन्हा खो-खोत आहे. ई तेलात राहणारं, म्हणून ते पेशीच्या स्निग्ध आवरणात बसून खो अडवतं. अडवलं की त्याची ताकद संपते. शेजारी पाण्याच्या बाजूला उभं असलेलं सी त्याला स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा उभं करतं. एकटं ई लवकर थकतं, एकटं सी आवरणात शिरू शकत नाही.

आता तुमची बाटली. ताजं द्रावण पाण्यासारखं किंवा अगदी फिकट गवती रंगाचं असतं. त्यातल्या सीनं हवेतल्या ऑक्सिजनला इलेक्ट्रॉन दिला की त्याचं पहिलं रूपांतर होतं, ते अजून मागे फिरू शकतं. पण थोड्याच वेळात त्या रेणूची कडी तुटते आणि मग परतीची वाट बंद. पुढे त्याचे तुकडे पडतात, द्रावण पिवळं, मधासारखं, शेवटी चहासारखं होतं. या तुकड्यांतला एक म्हणजे एरिथ्रुलोज नावाची साखर. ऊन न खाता कातडी तपकिरी करणारी जी लोशन परदेशात विकली जातात, त्यांत हीच साखर वापरतात. कातडीतल्या प्रथिनांशी तिची क्रिया होऊन रंग येतो. तुमच्या बोटांची टोकं रंगली ती त्यामुळे. म्हणजे डाग जावेत म्हणून आणलेली बाटली सातव्या आठवड्यात रंग चढवत होती. घासून जायचं नाही ते, आठ-दहा दिवसांत वरची कातडी झडेल तसं आपोआप जाईल.

इतक्या लवकर का झालं? बाथरूम. गीझरची वाफ, दिवसाला दोनदा गरम-गार होणारी जागा. आणि ड्रॉपरची बाटली असेल तर दर सकाळी तुम्ही रबर दाबून तिच्यात ताजी हवा भरत होता. मी नवीन असतानाची गोष्ट सांगते. एका घाणीत (आम्ही बॅचला गमतीनं घाणी म्हणतो) मी सी विरघळवलं आणि ते दुसऱ्याच दिवशी केशरी दिसायला लागलं. तीच पावडर, तेच प्रमाण, आदल्या आठवड्याची बॅच मात्र निवळशंख. साहेबांनी काही न बोलता मला स्टीलचं भांडं उलटं करून दाखवलं. तळाशी वेल्डिंगच्या जागी गंजाचा एक ठिपका होता, तुरीच्या डाळीएवढा. लोखंड आणि तांबं नुसतं चिमूटभर असलं तरी सीची वाट लावतात. तेव्हापासून आमच्याकडे शुद्ध पाणी, धातूला बांधून ठेवणारं ईडीटीएसारखं द्रव्य आणि काच, याशिवाय सीला हात लावत नाहीत. घरी पावडर आणून नळाच्या पाण्यात सीरम करण्याच्या पाककृती फिरत असतात, त्यांच्याबद्दल याहून वेगळं काही सांगायला नको.

तेव्हा विकत घेताना टक्केवारीच्या आधी बाटली बघा. गडद काच किंवा हवा न शिरणारा पंप. मोठी नको, १५ मिलिलिटरची पुरे, दोन महिन्यांत संपली पाहिजे. तयार केल्याची तारीख जितकी जवळची तितकं बरं. या सीरममध्ये सगळ्यात स्वस्त वस्तू बहुधा व्हिटॅमिन सी हीच असते, आमचा खर्च त्याला जिवंत ठेवण्यात जातो. आणि २० टक्क्यांचा हट्ट सोडा. इतक्या आंबट द्रावणाचा त्रास टक्क्यांबरोबर वाढतो आणि फायदा त्या मानानं वाढत नाही. १० ते १५ ठीक. तुमच्यासारखं स्कार्फखाली घाम येणाऱ्यांना तर १० च पुष्कळ.

ज्यांना हा आंबटपणा सोसतच नाही त्यांच्यासाठी सीची झाकलेली रूपं आहेत. सोडियम किंवा मॅग्नेशियम अॅस्कॉर्बिल फॉस्फेट, अॅस्कॉर्बिल ग्लुकोसाइड वगैरे. रेणूचा जो कोपरा हवेत बिघडतो त्यावर टोपी घातलेली असते. कातडीतली एन्झाइम ती टोपी काढतात आणि मग सी मोकळं होतं. बाटलीत छान टिकतात, चुरचुरत नाहीत. पण कातडीत किती शिरतात आणि किती टोप्या निघतात याचा पुरावा शुद्ध सीच्या तुलनेत तोकडा आहे. सोडियमवालं मुरमांच्या त्वचेला बरं पडतं असा माझा अनुभव आहे, आणि त्यावर थोडं संशोधनही झालेलं आहे.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर घरी करता येईल असा एक खेळ आहे. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडीन घरात असतंच. वाटीभर पाण्यात त्याचे चार-पाच थेंब टाका, पाणी चहासारखं होईल. आता शुद्ध व्हिटॅमिन सीच्या ताज्या सीरमचे थेंब टाका आणि ढवळा. रंग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. सीनं आयोडीनला इलेक्ट्रॉन दिला, शाळेच्या भाषेत त्याचं क्षपण केलं. तुमच्या जुन्या बाटलीचे थेंब टाकून बघा, कितीतरी जास्त लागतील. फॉस्फेटवालं टाकलंत तर रंग जवळपास तसाच राहील, कारण टोपी अजून डोक्यावर आहे. म्हणजे ते बोगस असं नव्हे, त्याला कातडीतली एन्झाइम भेटलेली नाहीत इतकंच. आणि उलटंही खरं आहे. रंग गेला याचा अर्थ वाटीत काम झालं. कातडीत शिरलं की नाही हे वाटी सांगत नाही. जाहिरातींत 'अमुकपेक्षा पन्नासपट ताकदीचा' म्हणून जे आकडे येतात ते असल्याच वाटीतल्या चाचण्यांचे असतात. खाद्यपदार्थांचे असे आकडे अमेरिकेच्या कृषी खात्यानं स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवले होते. लोक त्यांचा भलताच उपयोग करायला लागले, तेव्हा २०१२ मध्ये ती यादी काढून टाकली.

आईंचं लिंबू. रागावू नका त्यांच्यावर, त्यांनी हे त्यांच्या आईकडून ऐकलेलं. पण लिंबाच्या रसात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास सी असतं, म्हणजे ०.०५ टक्के. तुमच्या सीरमच्या चारशेव्या भागाइतकं. आंबटपणा मात्र सीरमहून जास्त, पीएच दोनच्या जवळपास. वर लिंबाच्या सालीत सोरालेन नावाची द्रव्यं असतात, ती कातडीवर राहिली आणि ऊन लागलं की भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. वांगावर लिंबू म्हणजे आगीतून फुफाट्यात.

हळदीचं जरा वेगळं आहे. कर्क्युमिन हे अस्सल अँटीऑक्सिडंट आहे, वाटीतल्या परीक्षेत उत्तम गुण मिळवतं. त्याच्या अडचणी तुम्ही स्वतः कपडे धुताना पाहिलेल्या आहेत. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. हळदीला चुन्याची निवळी देऊन कुंकू करत ते याच गुणावर, अल्कली लागली की कर्क्युमिन रंग बदलतं आणि टिकतही नाही. आणि तो डाग काढायला आई काय करते? कपडा उन्हात टाकते. डाग उडून जातो, कारण ऊन कर्क्युमिनचा नाश करतं. मग ज्या उन्हापासून गाल वाचवायचे त्याच उन्हात ते किती वेळ पहारा देईल? शिवाय हळदीच्या पुडीत कर्क्युमिन दोन ते पाच टक्केच, बाकी सगळा भुसा. उटण्यात हौसेनं लावा, सणाला लावा. वांगावरचा उपाय म्हणून नको.

तसंच व्हिटॅमिन ईच्या त्या हिरव्या कॅप्सूलचं. टोचून, पिळून, रात्री चेहऱ्याला. आतलं व्हिटॅमिन ई बहुधा अॅसिटेटच्या रूपातलं, म्हणजे टोपीवालं, आणि तेलात घट्ट. मुरमांची त्वचा असेल तर बुजतील छिद्रं. जखमेच्या व्रणावर चोळण्याचा तर पार उलटा निकाल आहे. १९९९ साली १५ रुग्णांवर झालेल्या छोट्या अभ्यासात बहुतेकांना काही फायदा झाला नाही, आणि एक तृतीयांश लोकांच्या कातडीला ई चोळल्यानं खाजरी अॅलर्जी उठली. सीच्या जोडीला एक टक्का ई वेगळं आणि कॅप्सूलभर ई वेगळं. अति तिथं माती.

मैत्रिणीला सांगा, नायसिनामाइड निर्दोष आहे. ही समजूत साठच्या दशकातल्या काही प्रयोगांवरून आलेली, त्यांत ही द्रव्यं कातडीवर कधीच होणार नाही इतकी तापवलेली होती. एकामागून एक लावायला हरकत नाही. दोन ते पाच टक्के नायसिनामाइड रंगाच्या कणांना रंगपेशीतून वरच्या पेशीत जाताना अडवतं, तेव्हा तुम्हाला ते उपयोगीच पडेल. सीशी खरं वैर आहे ते बेंझॉइल पेरॉक्साइडचं. मुरमांच्या जेलमध्ये असतं ते, आणि स्वतः ऑक्सिडीकरण करणारं. दोन्ही एकाच वेळी लावणं म्हणजे एका नळानं भरायचं आणि दुसऱ्यानं सोडायचं. एक सकाळी, एक रात्री.

ग्रीन टीचा अर्क, रेझव्हेराट्रॉल, क्यू-टेन, अमुक फळाचा अर्क, तमुक सालीचा अर्क. ग्रीन टीवर बरं काम झालंय. क्यू-टेनचा रेणू ८६३ वजनाचा आहे, आणि साधारण ५०० च्या वरचे रेणू कातडीत सहज जात नाहीत. बाकीच्यांचं लेबलवर नाव असतं आणि बाटलीत थेंब. ग्लुटाथायोनच्या गोरं करणाऱ्या इंजेक्शनांबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते, त्या वाटेला जाऊ नका. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिला होता. आणि मेडिकलवाल्यानं 'ही लावा, आठ दिवसांत उजळाल' म्हणून दिलेली ट्यूब घरात असेल तर तिच्यावर स्टेरॉइडचं नाव आहे का ते आजच वाचा.

आता तुमची सकाळ. तोंड धुवा, पूर्ण कोरडं होऊ द्या, ओल्या कातडीवर आंबट द्रावण जास्त चुरचुरतं. चार-पाच थेंब, कपाळ, गाल, मान. डोळ्यांच्या कडा सोडा. दोन-तीन मिनिटं थांबून मॉइश्चरायझर, आणि त्यावर सनस्क्रीन, तर्जनी आणि मधल्या बोटावर लांब पट्ट्या पडतील इतकं. वांग असल्यानं रंगीत, म्हणजे आयर्न ऑक्साइड असलेलं सनस्क्रीन घ्या. वांगाला नुसते अतिनील किरण नव्हे, साधा उजेडही चिथवतो, आणि पांढरं सनस्क्रीन तो अडवत नाही. सी हे सनस्क्रीनच्या जागी नाही. किरण अडवण्याच्या बाबतीत त्याचा हात जवळपास रिकामा आहे.

आणि स्कार्फ. डोळे सोडून सगळं गुंडाळलेल्या पुण्याच्या मुलींना बाहेरगावचे लोक हसतात, मी नाही हसत. पण पातळ सुती स्कार्फमधून बराच यूव्हीए येतो, उन्हाकडे धरून पाहा, आरपार दिसत असेल तर किरणही येतात. घट्ट विणीचा, गडद रंगाचा घ्या. तो गालावरचं सनस्क्रीन पुसतो, म्हणून लावल्यावर दहा मिनिटं थांबून बांधा. आणि रोज धुवा हो. आठवडाभर न धुतलेल्या स्कार्फला बाहेरून जी काळपट झाक येते, ती तुम्ही रोज दोन तास गालाला घासत असता.

फरक दिसायला तीन महिने धरा. त्वचा तजेलदार दिसते, डागांची कड थोडी फिकी होते. वांग एकट्या सीनं जाणार नाही. मध्ये लालसरपणा किंवा खाज आली तर थांबा, आणि नवी बाटली कुठलीही असो, आधी चार दिवस कानामागे लावून बघा.

जुनी बाटली ओतून द्या. 'निदान पायांना तरी लावते' असं पुष्कळ जणी म्हणतात. लावून पाय तपकिरी होतील, दुसरं काही नाही. नवीवर उघडल्याची तारीख मार्करनं लिहा आणि ती फ्रिजच्या दारात ठेवा. मोठ्या अक्षरात नावही लिहा. आमच्याकडे सासूबाईंनी एकदा केवड्याचा इसेन्स समजून ती शिऱ्यात घालायला काढली होती.